जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं

नवा पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर लागतो, बसवायला आलेला माणूस खोका आवरून निघून जातो, आणि संध्याकाळी मालिका सुरू झाल्यावर घरातली आजी म्हणते, "जुन्या टीव्हीवर बरं दिसायचं." तिचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही. मुलगा म्हणतो, आई, हा फोर-के आहे. सून म्हणते, दोन दिवसांत सवय होईल. आजी गप्प बसते, पण तिची नजर पडद्याच्या खालच्या कडेला अडकत राहते. तिथे बातम्यांची पट्टी सरकतेय आणि तिच्यातले उकार कापले गेलेत, पुण्याचं 'पणे' झालंय. वरची शिरोरेखा सारखी थरथरतेय. मालिकेतली सडपातळ नायिका अंगाने भरलेली वाटतेय. हे वाक्य इतक्या घरांत, इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं, की ते निव्वळ वयाचं किंवा सवयीचं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. बहुतेक वेळा आजीचं खरं असतं. तिचे डोळे ठीक आहेत. चित्र मात्र तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर वाटेत दोन-तीनदा मोडून पुन्हा जोडलं गेलेलं आहे, आणि ही मोडजोड कुठे होते ते सेटटॉप बॉक्सच्या मेनूमधल्या एका ओळीवरून ठरतं: आउटपुट रिझोल्यूशन.

त्या ओळीत साधारण ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, काही बॉक्समध्ये १०८०पी आणि हल्लीच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये २१६०पी असे पर्याय दिसतात. आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या रेषा; 'पी' म्हणजे चित्र दरवेळी पूर्ण, 'आय' म्हणजे अर्ध्या-अर्ध्या हप्त्यांत. माणूस साहजिकच सगळ्यांत मोठा आकडा निवडतो. पैसे मोजलेत, मग कमी का घ्यायचं? पण हा आकडा चित्राचा दर्जा सांगत नाही. बॉक्सने चित्र कोणत्या मापात टीव्हीच्या हवाली करायचं, एवढंच तो सांगतो. प्रसारणात जितका तपशील आला तितकाच असतो, बॉक्सला त्यात भर घालता येत नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की आलेल्या मापातून पडद्याच्या मापात चित्र कोणी बसवायचं, बॉक्सने की टीव्हीने, आणि हे काम कमीत कमी वेळा कसं होईल.

आपल्याकडचं प्रसारण कसं येतं ते इथे आठवायला हवं. १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा चित्राला ६२५ रेषा होत्या, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष दिसायच्या. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, ज्यांना फील्ड म्हणतात. हा ५०चा आकडा घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवरून आलेला आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला ही अर्धी चित्रं जोडायचं काम कधी करावंच लागलं नाही. इलेक्ट्रॉनचा झोत रेषा ओढत जायचा, ओढलेली रेषा क्षणभर उजळून विझायची, तोवर शेजारची उजळायची, आणि डोळा दोन्ही मिळून एक अखंड हलतं चित्र बघायचा. प्रसारण आणि पडदा एकाच लयीवर बांधलेले होते. क्रिकेटचा चेंडू, सर्कशीतला झोका, शर्यतीतला घोडा, सगळं तिथे मऊ आणि सलग वाहायचं. छतावरचा अँटेना वाऱ्याने फिरला की मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, हे खरंच. पण हालचाल तुटायची नाही. 'बरं दिसायचं' यात ही हालचालही आली.

आज पडदा सपाट आहे आणि त्याला अर्धं चित्र दाखवताच येत नाही. तो प्रत्येक वेळी सगळे ठिपके एकदम उजळतो. प्रसारण मात्र अजूनही बरंचसं जुन्या चालीचं आहे. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या १०८०आय स्वरूपात येतात, म्हणजे १९२० बाय १०८०चं चित्र, पण पुन्हा ५० फील्डमध्ये वाटलेलं, एकेका फील्डला ५४० रेषा. एसडी वाहिन्या अजूनही ५७६आय. ही अर्धी चित्रं जोडून पूर्ण चित्र करण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात. चित्राचं बरं-वाईट बहुतांशी या एका कामावर ठरतं आणि नेमकं याचंच नाव दुकानात कोणी काढत नाही.

हे काम अवघड का, ते वारीच्या थेट प्रक्षेपणात स्पष्ट दिसतं. रिंगणात अश्व धावतो. पहिलं फील्ड टिपलं तेव्हा त्याचा पाय एका जागी होता, एक-पन्नासांश सेकंदाने दुसरं टिपलं तेव्हा तो पुढे गेलेला. ही दोन अर्धी चित्रं तशीच एकमेकांत गुंफली, तर पायाच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. दात नकोत म्हणून एक फील्ड टाकून दिलं आणि उरलेल्या ५४० रेषा ताणून १०८० केल्या, तर दात जातात, पण उभा तपशील निम्मा होतो: मागे उभ्या वारकऱ्यांचे चेहरे पुसट होतात, पताकांची टोकं चमचमतात. चांगला प्रोसेसर चित्राचा प्रत्येक भाग वेगळा तपासतो. जे स्थिर आहे तिथे दोन्ही फील्ड गुंफतो, जे हलतंय तिथे आजूबाजूच्या ठिपक्यांवरून आणि आधीच्या-नंतरच्या फील्डवरून मधली रेषा काढतो. मालिकांचं काम त्या मानाने सोपं. सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ पूर्ण चित्रांनी, चित्रित केलेल्या मालिकेत दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, नीट गुंफली की १०८० रेषांचं अख्खं चित्र काहीही न गमावता परत मिळतं. पण हे ओळखायची अक्कल प्रोसेसरला हवी. ज्याला ती नाही तो मालिकेलाही क्रिकेटसारखंच वागवतो आणि तपशील फुकट घालवतो.

आता बॉक्सला १०८०पी लावलं की ही गुंफण बॉक्सच्या अंगावर येते. साध्या सेटटॉप बॉक्समधली चिप स्वस्तात बसवलेली असते. तिची पहिली जबाबदारी वाहिनी उलगडून दाखवण्याची, गुंफणीचा खास कसबाचा भाग ती जेमतेम निभावते. उलट चांगल्या कंपनीच्या टीव्हीत याच कामासाठी वेगळा प्रोसेसर असतो. म्हणून फुल एचडी किंवा फोर-के टीव्ही असेल तर एचडी वाहिन्यांसाठी बॉक्स १०८०आयवर ठेवावा, हा माझा पहिला सल्ला. प्रसारण ज्या रूपात आलं त्याच रूपात ते टीव्हीच्या हाती जातं, आणि मोडजोड एकदाच, जास्त हुशार हातांनी होते. मेनूत १०८०पी दिसत असताना १०८०आय निवडायला हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. पण इथे लहान वाटणारा आकडाच प्रामाणिक आहे.

अपवाद आहेत, आणि ते डोळ्यांनीच ठरवावे लागतात. अगदी स्वस्त टीव्हीत प्रोसेसर कमकुवत असतो, तिथे बॉक्सचं १०८०पी सरस ठरू शकतं. पारख करायला क्रिकेटचा थेट सामना आणि एखादी एचडी बातम्यांची वाहिनी पुरते. कॅमेरा प्रेक्षकांवरून हळू फिरत असताना पायऱ्यांच्या आडव्या कडा बघाव्यात. सीमारेषेचा दोर आणि क्रीजची पांढरी रेघ स्थिर आहे की उकळल्यासारखी वळवळतेय ते बघावं. बातम्यांच्या पट्टीतली बारीक शिरोरेखा तर या कामासाठी जणू मुद्दाम बनवलेली कसोटी आहे. एका रेषेच्या जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते, गुंफण चुकली की ती दिसते-विझते, दिसते-विझते. इरकली साडीच्या बारीक चौकडीवर, निवेदकाच्या आडव्या रेघांच्या शर्टावर हेच होतं. १०८०आय, १०८०पी आणि ७२०पी या तिन्ही सेटिंगवर एकच वाहिनी काही मिनिटं बघितली की फरक आपोआप दिसतो. सेटिंग बदलल्यावर पडदा काळा झाला तर घाबरू नये. टीव्हीला ते माप झेपत नसलं तर बहुतेक बॉक्स काही सेकंद वाट बघून आधीच्या सेटिंगवर परत येतात.

बत्तीस इंची टीव्हीची गोष्ट वेगळी. 'एचडी रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या यातल्या बहुतेकांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. हे माप ना ७२०ला जुळतं, ना १०८०ला. काहीही पाठवलं तरी टीव्ही ते पुन्हा मापात बसवणारच. १०८०आय पाठवलं तर तो आधी गुंफतो आणि मग आकसून घेतो. ७२०पी पाठवलं तर बॉक्स १०८०चं ७२० करतो आणि टीव्ही ते किंचित फुगवून ७६८, म्हणजे मापं दोनदा बदलतात. म्हणून इथेही सुरुवात १०८०आयपासूनच करावी. पण टीव्हीची गुंफण खराब असेल, क्रिकेटमध्ये बॅटच्या कडेला दात दिसत असतील, तर ७२०पी घ्यावं. त्यात सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळतात आणि हालचाल सलग राहते. या आकाराच्या पडद्यावर तपशिलाचं नुकसान तितकंसं जाणवत नाही.

हे सगळं करण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा हात घालून बघावा.

कारण घरात एचडी बॉक्स आहे, एचडी पॅकचे पैसे दरमहा जातात, आणि बॉक्स व टीव्ही मात्र पिवळी-लाल-पांढरी टोकं असलेल्या जुन्या एव्ही वायरने जोडलेले, हे दृश्य अजिबात दुर्मिळ नाही. जुन्या टीव्हीची वायर भिंतीतून आधीच ओढलेली असते, तीच नव्याला लावली जाते. लॉजमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात तर हे नेहमीचंच. त्या पिवळ्या टोकातून फक्त ५७६आय जातं, मेनूत काहीही निवडा. शिवाय उजेड आणि रंग एकाच तारेतून एकत्र कोंबून जातात, त्यामुळे लाल कुंकवाचा रंग कपाळावर पसरतो, अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके रांगतात. एचडीएमआय वायर लावली की हे जागच्या जागी थांबतं. १०८०साठी महागडी सोनेरी वायर लागत नाही, साधी, धड कनेक्टरची, दीड-दोन मीटरची पुरते.

दुसरी तपासणी कापलेल्या उकारांची. नळीच्या टीव्हीच्या कडा नीट जुळायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडेचा भाग चौकटीआड लपवायची पद्धत होती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला तिची काहीच गरज नाही, तरी कित्येक टीव्ही आजही ती मुकाट्याने चालू ठेवतात. चारी बाजूंनी अडीच-अडीच टक्के कापले, तर १९२० बाय १०८०मधले १८२४ बाय १०२६ उरतात आणि तेच पुन्हा ताणून सगळ्या पडद्यावर पसरवले जातात. नुकसान नुसतं कडेचं होत नाही. आता एकही ठिपका आपल्या मूळ जागी राहत नाही, सगळं चित्र हलकं मऊ पडतं. टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या मेनूत याचा इलाज असतो: एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीवर 'फुल पिक्सेल', सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन', इतरांवर 'वन टू वन' किंवा असंच काही. हे एक बटण दाबल्यावर जो फरक पडतो, तो रिझोल्यूशनच्या सगळ्या आकड्यांपेक्षा पुष्कळदा मोठा असतो. पट्टीतले उकार परत येतात, धावफलकाची खालची ओळ परत येते.

एसडी वाहिन्यांचं दुखणं याहून जुनं आणि माझ्या मते जास्त जिव्हाळ्याचं आहे, कारण आपल्या जुन्या ध्वनिचित्रमुद्रणांचा ठेवा तिथेच आहे. बॉक्स कायम १०८०आयवर असेल तर ५७६आयचं चित्र तो आधी गुंफतो, मोठं करतो, पुन्हा अर्ध्या-अर्ध्या रेषांत फोडतो आणि टीव्हीला देतो. टीव्ही ते पुन्हा गुंफतो. चार लाख चौदा हजार ठिपक्यांचं चित्र फोर-केच्या ८३ लाख ठिपक्यांवर पसरायचं, आणि वाटेत ही उठाठेव! काही बॉक्समध्ये 'नेटिव्ह' असा पर्याय असतो. तो वाहिनी जशी येईल तशी पुढे सोडतो, एसडीला ५७६आय, एचडीला १०८०आय. मिळाला तर जरूर घ्यावा. त्याची किंमत म्हणजे एसडीवरून एचडीवर जाताना दरवेळी पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, कारण बॉक्स आणि टीव्ही एकमेकांशी नव्याने जुळवून घेतात. सतत वाहिन्या बदलणाऱ्या घरात हे कोणी सहन करणार नाही, तिथे १०८०आयच बरं. 'ऑटो'ला मात्र 'नेटिव्ह' समजू नये. बऱ्याच बॉक्समध्ये 'ऑटो' म्हणजे टीव्हीला जे सगळ्यांत मोठं माप झेपतं ते. आणि घरात नुसतंच एसडी पॅक असेल तर ५७६आय आणि ५७६पी लावून बघावं. नावाला लहान, पण मोठ्या टीव्हीवर चेहरे जास्त नैसर्गिक दिसण्याची शक्यता बरीच.

चेहऱ्यांवरून आठवलं ते ताणलेलं चित्र. सह्याद्रीवर एखाद्या जुन्या नाटकाचं किंवा मैफलीचं मुद्रण लागतं. ते चारास तीन या मापाचं, पडदा सोळास नऊचा. पूर्ण पडदा भरायच्या हट्टाने ते आडवं ताणलं, की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जास्त रुंद होतो. तंबोऱ्याचा भोपळा लंबगोल होतो, गायकाचा हात हवेत जी रेघ काढतो तिचाच आकार बदलतो. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या म्हणजे काही वाया जात नाही. बॉक्सच्या मेनूत 'पिलरबॉक्स' आणि टीव्हीवर 'ओरिजिनल' किंवा 'चारास तीन' निवडावं. त्या कलावंतांचं एवढंच देणं आपल्याकडे आहे की ते जसे होते तसे दिसावेत. चित्र प्रसारणातूनच ताणून आलं असेल, तर 'चारास तीन' केल्यावर माणसं परत बारीक होतात. एखादं घड्याळ किंवा चाक दिसलं की ते गोल आहे का ते बघून घ्यावं.

आणि आता ओटीटी. इथे इंटरलेसिंगचा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचा, त्रास नाही, पण लयीचा आहे, आणि तो फारच थोड्यांच्या लक्षात येतो. टीव्हीला लावायच्या स्टिक आणि अँड्रॉइड बॉक्स कारखान्यातून ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, लावून येतात. आपल्या मालिका २५ फ्रेमच्या, आपलं क्रिकेट ५०चं. ६०ला २५ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, मग पुन्हा दोनदा असं काहीतरी करून हिशेब जुळवला जातो. कॅमेरा वाड्याच्या ओसरीवरून हळू फिरला की चित्र ठेचकाळत जातं. क्रिकेटमध्ये दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा अडखळणं, आणि सीमारेषेकडे धावणारा चेंडू हिसके देत जातो. लोक इंटरनेटला दोष देतात. राउटर बंद-चालू करतात. दोष फ्रेमच्या हिशेबाचा असतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०८०पी ५० हर्ट्झ किंवा २१६०पी ५० हर्ट्झ निवडलं की मालिका आणि सामने गुळगुळीत चालतात. सिनेमा २४ फ्रेमचा असतो, त्याला पुन्हा वेगळी लय लागते. म्हणून फायर टीव्ही, ॲपल टीव्हीवर 'मॅच फ्रेम रेट' अशा अर्थाचं जे सेटिंग आहे ते चालू करावं, म्हणजे मजकुरानुसार टीव्हीची लय बदलत राहते. प्रत्येक ॲप ते पाळेलच असं नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो: तिथे विकले गेलेले काही टीव्ही ५० हर्ट्झ घेतच नाहीत, आणि इकडची मालिका तिकडे कायम थोडी अडखळतच दिसते.

फोर-के सिग्नलसाठी टीव्हीच्या एचडीएमआय इनपुटचं 'एन्हान्स्ड' किंवा 'अल्ट्रा एचडी डीप कलर' सारखं सेटिंग चालू असावं लागतं, नाहीतर बॉक्स ३० हर्ट्झवर किंवा कमी रंगांवर उतरतो. आणि स्वस्तातला बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स घेतला असेल, तर २१६०पी लावूनही मोठी ॲप त्यावर एसडीच देतात, कारण त्यांना हवा असलेला वाइडवाइन या चोरीरोधक कुलपाचा एल-वन परवाना त्यात नसतो. मेनूतला आकडा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

एवढं करूनही अनंत चतुर्दशीला लालबागच्या गर्दीवर गुलाल उधळला की चित्राचे चौकोन होणारच. हजारो कण एकदम वेगवेगळ्या दिशांना हलतात आणि वाहिनीला मिळालेल्या मर्यादित बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला पाठवता येणाऱ्या माहितीत, ते मावत नाहीत. चौकोन वाहिनीकडूनच येतात, आउटपुट रिझोल्यूशनने त्यावर काही होत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती टीव्हीची शार्पनेस कमी करणं. 'व्हिव्हिड' मोडमध्ये ती वर चढवलेली असते आणि ती तपशील आणत नाही, कडांना पांढरी झालर लावते, चौकोनांच्या कडाही तितक्याच ठसठशीत करते. मोड 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करावा, शार्पनेस शून्याजवळ आणावी. सोनीवर मात्र ५० म्हणजे मधली, काहीच न करणारी जागा.

शेवटचा हिशेब अंतराचा. पंचावन्न इंची पडद्यावर १०८०चे ठिपके साधारण सात फुटांपलीकडे डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, त्रेचाळीस इंचीवर साडेपाच फुटांपलीकडे. बैठकीच्या खोलीत सोफा दहा फुटांवर असेल, तर १०८० आणि २१६०च्या वादात वेळ घालवण्यात अर्थ नाही. गुंफण, कापलेल्या कडा आणि ५० हर्ट्झची लय, या तीन गोष्टी मात्र दहा फुटांवरूनही दिसतात. बॉक्सचं सॉफ्टवेअर रात्रीत अपडेट झालं की सेटिंग कधीकधी मूळपदावर जातात, म्हणून ठरलेली सेटिंग कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून ठेवावीत.